गनडॉग आणि फील्ड ट्रायल: सुरुवात कुठून करावी?

रानजाई:
ब्रिटनमधली बरीच मंडळी इथे आहेत, त्यातली काही कुत्रेवालीही, म्हणून धागा काढतेय. घरात दहा महिन्यांची काळी लॅब्रॅडॉर आहे, नाव शामा. कामाच्या वंशावळीतली. घेताना आम्ही एवढंच पाहिलं होतं की आईबापांच्या खुब्यांचे आणि डोळ्यांचे अहवाल चांगले आहेत. आता तिचं नाक आणि वस्तू आणून देण्याची हौस पाहून वर्गातल्या बाई म्हणतात, हिला गनडॉगचं, म्हणजे शिकारीत बंदूकवाल्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्याचं, शिक्षण द्या, पुढे फील्ड ट्रायलला उतरवा.

अडचण अशी की आम्हा दोघांपैकी कुणीही कधी बंदूक हातात धरलेली नाही आणि धरायची इच्छाही नाही. तरी यात पडता येतं का? दहा महिने म्हणजे उशीर झाला का? आणि वर्किंग टेस्ट, ट्रायल, पिकिंग अप हे सगळं लोक एका दमात बोलतात. त्यात आधी काय आणि नंतर काय, कुणी नीट सांगेल का?

शिट्टीबहाद्दर:
पडता येतं. रिट्रीव्हरच्या (पडलेला पक्षी आणून देणाऱ्या कुत्र्यांच्या, लॅब त्यातलाच) ट्रायलमध्ये हँडलरकडे बंदूक नसतेच. बंदूकवाले वेगळे, ते यजमानांनी बोलावलेले. आपल्याकडे फक्त शिट्टी, खिशात कोंबलेली स्लिप लीड आणि शेजारी बसलेला कुत्रा. पट्टासुद्धा नाही. पंचांच्या ताब्यात गेलं की कुत्र्याच्या गळ्यात काहीही चालत नाही.

आता फरक. वर्किंग टेस्टमध्ये काहीही मारलं जात नाही. कॅनव्हासच्या डमी फेकतात किंवा लपवतात, बार काढतात तो फक्त आवाजापुरता. प्रत्येक कामाला गुण असतात, बहुतेक ठिकाणी २० पैकी. पपी (पिल्लं), नॉव्हिस (नवखे), ओपन (सगळ्यांना खुला) असे वर्ग. हे सगळं वसंतात आणि उन्हाळ्यात. फील्ड ट्रायल खऱ्या शूटवर, म्हणजे ठरवून केलेल्या पक्ष्यांच्या शिकारीवर, खऱ्या पक्ष्यांवर होते, म्हणून ती शिकारीच्या हंगामात. तित्तर १ सप्टेंबरपासून, फेझंट १ ऑक्टोबरपासून, दोन्ही १ फेब्रुवारीला बंद. एका दिवसाच्या नॉव्हिस ट्रायलला साधारण १२ कुत्री, दोन दिवसांच्या ओपनला २४.

पिकिंग अप ही स्पर्धा नव्हे, ते काम आहे. शूटच्या दिवशी बंदुकांच्या मागे उभं राहून पडलेले आणि जखमी पक्षी कुत्र्याकडून गोळा करायचे.

अनाहूत:
म्हणजे पक्षी एकाने पाडायचा, दुसऱ्याच्या कुत्र्याने आणायचा, तिसऱ्याने तपासायचा आणि खायचा चौथ्याने?

शिट्टीबहाद्दर:
@अनाहूत, बरोबर समजलात. आणि पावसात उभं राहण्याची प्रवेश फी आपण भरायची.

चिखलपाय:
तपासणी ही चेष्टेची गोष्ट नाही हो. आणलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या बरगड्या पंच बोटांनी चाचपतात. दोन्ही बाजू चेपलेल्या निघाल्या तर 'हार्ड माउथ', कुत्रा तिथेच बाद. ट्रायलमध्ये गुण जमवण्यापेक्षा बाद न होणं जास्त कठीण. कुत्रा सांगण्याआधी धावला, बाद. रांगेत केकाटला किंवा भुंकला, बाद. पाण्यात जायला नकार, बाद. एक पक्षी तोंडात असताना तो टाकून दुसरा उचलला, बाद. सशामागे लागला, बाद. मोठमोठे कुत्रे पहिल्या फेरीत घरी जाताना पाहिलेत.

रानजाईताई, तुम्ही आधी नुसत्या प्रेक्षक म्हणून एका ट्रायलला जा. क्लबच्या सचिवांना आधी कळवायचं, गडद किंवा मातकट कपडे घालायचे, कुत्री गाडीतच ठेवायची आणि लाल झेंड्याच्या मागे राहायचं. दिवसभर पायपीट होते पण पुस्तकांत नसलेलं बरंच दिसतं.

निमिष०७:
आमचा गोल्डन आणतो सगळं, देत काहीच नाही. डमी घेऊन बागेला तीन प्रदक्षिणा, मग झुडपामागे बैठक. याला कुठल्या वर्गात उतरवू?

तांबडा_सेटर:
@निमिष, 'ओपन'मध्ये. पूर्ण मोकळा आहे तो.

मेघमल्हार:
निमिषच्या कुत्र्याचा विषय खरं तर मूळ प्रश्नालाच लागून आहे. पिल्लू काहीतरी तोंडात घेऊन येतं आणि आपण झडप घालून काढून घेतो. दोनचारदा असं झालं की पिल्लाला कळतं, माणसाजवळ गेलं की वस्तू जाते. मग ते पळतं. उपाय सोपा पण वेळखाऊ. जवळ आला की वस्तूला हातच लावायचा नाही. मान, छाती खाजवायची, कौतुक करायचं, तोंडात आहे ते राहू द्यायचं आणि मग हलक्या हाताने घ्यायचं. भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या अरुंद पट्टीत सराव केला तर प्रदक्षिणेला जागाच उरत नाही.

रानजाई, दहा महिने अजिबात उशीर नाही. उलट बहुतेक जण घाई करतात. माझं ठाम मत, पहिल्या वर्षी डमी कमी आणि थांबणं जास्त. लॅबला आणायला शिकवावं लागत नाही, न आणायला शिकवावं लागतं. पाच डमी फेकल्यात तर निदान दोनतीन स्वतः चालत जाऊन उचला आणि कुत्रीला बसून बघू द्या. पडलेली प्रत्येक वस्तू आपलीच असा तिचा समज झाला की ट्रायलच्या रांगेत तो काढायला दमछाक होते, कारण तिथे पडणाऱ्या पक्ष्यांपैकी बहुतेक दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी असतात.

रानजाई:
@मेघमल्हार, हे अगदी उलटं चाललंय आमच्याकडे. रोज संध्याकाळी नवरा चेंडूफेकीच्या काठीने पंधरावीस चेंडू फेकतो.

मेघमल्हार:
काठी लपवा. नवरा राहू द्या.

भटकभवानी:
थांबण्याच्या शिट्टीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या मते सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. एक लांब फुंक म्हणजे जिथे असशील तिथे बस आणि माझ्याकडे बघ. लहान लहान फुंका म्हणजे परत ये. शंभर पावलांवर कुत्रा चुकीच्या दिशेने निघाला की आधी थांबवता आलं पाहिजे, मग हाताने डावीकडे, उजवीकडे, मागे. थांबलाच नाही तर हातवारे कुणासाठी करणार?

शिकवायची सुरुवात दूरवर नाही, पायाशी. चालता चालता शिट्टी आणि बस. मग समोरून येताना. मग खेळता खेळता. अंतर सगळ्यात शेवटी वाढवायचं. आणि शिट्टी नंबर असलेली घ्या. एक्मेच्या २११½ आणि २१०½ जास्त चालतात, पहिली लॅबवाल्यांत, दुसरी स्पॅनियलवाल्यांत. नंबर तोच म्हणजे सूर तोच. चिखलात हरवली तरी नवीन शिट्टी कुत्र्याला जुनीच वाटते. आत मटार (फिरणारी गोळी) नसलेली घ्यायची, थंडीत अडकत नाही.

साळसूद:
माझा कुत्रा सगळ्याच शिट्ट्या सारख्याच दुर्लक्षित करतो. समदृष्टी आहे त्याची.

साधना_प:
वाचतेय आणि अस्वस्थ होतेय. कुत्र्यांचं शिक्षण वगैरे ठीक, पण शेवटी स्पर्धेसाठी पक्षी मारायचे ना? डमीवर सगळं होत असेल तर ट्रायल हवीच कशाला? कुणाला दुखवायचं नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.

तांबडा_सेटर:
साधनाताई, प्रश्न रास्त आहे. माझ्या घरातही यावरून दोन तट आहेत. एक बाजू मांडतो. शूट ट्रायलमुळे होत नाही, ट्रायल शूटवर बेतलेली असते. बार लागूनही पक्षी मरत नाही, पंख मोडून पळतो, असं प्रत्येक शूटवर घडतं. कुत्रा नसेल तर तो झुडपात तासन्‌तास तडफडतो. म्हणून ट्रायलच्या नियमांतही जखमी पक्षी आधी, मेलेला नंतर.

अमेरिकेत १९५९ च्या डक स्टॅम्पवर, म्हणजे बदकांच्या शिकाऱ्यांनी दरवर्षी घ्यायच्या सरकारी तिकिटावर, किंग बक नावाचा काळा लॅब्रॅडॉर तोंडात बदक घेऊन झळकला. हा १९५२ आणि १९५३ चा तिथला राष्ट्रीय विजेता. त्या तिकिटावरचा मजकूरच असा होता की रिट्रीव्हरमुळे शिकार वाया जात नाही. पैसा पाणथळ जागा राखायला जातो. हे सगळं पटूनही एखाद्याला शूटच नको वाटेल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. अशांनी वर्किंग टेस्टपर्यंत यावं आणि तिथे थांबावं. बरेच जण थांबतात आणि मजेत असतात.

साधना_प:
धन्यवाद. पटलं असं नाही म्हणणार, पण जखमी पक्ष्याचा मुद्दा डोक्यात नव्हता.

अटलांटिकपार:
किंग बकचा उल्लेख आला म्हणून हजेरी. इकडे अमेरिकेत चित्र बरंच वेगळं. ट्रायलमध्ये अंतरं अफाट, तीनचारशे यार्डांवरच्या खुणा लक्षात ठेवायच्या, एकामागून एक तीन किंवा चार पक्षी पडतात आणि मग कुत्र्याने आठवून आठवून आणायचे. ते व्यावसायिक प्रशिक्षकांचं राज्य आहे. आमच्यासारख्या नोकरदारांसाठी हंट टेस्ट. एकेसीने (अमेरिकन केनेल क्लबने) १९८५ मध्ये सुरू केल्या. ज्युनियर, सीनियर, मास्टर. तिथे दुसऱ्या कुत्र्याशी स्पर्धाच नाही, ठरलेली पातळी गाठली की पास. १० पैकी गुण, एकूण सरासरी ७ हवी आणि एकाही गुणविशेषात सरासरी ५ च्या खाली जायची नाही.

बाकी तुम्ही तिकडे ई-कॉलरशिवाय एवढ्या लांबवर कुत्रा सांभाळता याचं नवल वाटतं.

भटकभवानी:
सांभाळतो, कारण सांभाळावाच लागतो. वेल्समध्ये विजेच्या धक्क्याचे पट्टे २०१० पासून बंद आहेत. आणि अंतरं कमी आहेत म्हणून सोपं, असं नाही. आमच्याकडे कुत्रा तासभर, आजूबाजूला पक्षी पडत असताना, पट्ट्याविना, आवाज न करता बसतो. तुमच्या मास्टरवाल्याला बसवा एकदा.

अटलांटिकपार:
@भटकभवानी, बसेल हो, आमचेही 'ऑनर' करायला बसतात, दुसरा कुत्रा काम करताना. आणि ई-कॉलर म्हणजे नुसता झटका नाही, आधी येणं-बसणं शिकवून मग...

भटकभवानी:
तो 'मग' ऐकून ऐकून कान किटले.

संपादक_मंडळ:
कॉलरवर वेगळा धागा आहे, तो आधीच तीन वेळा कुलूपबंद झालाय. इथे मूळ विषयावर राहू या.

चिखलपाय:
मूळ विषयावर. रानजाईताई, माझा सल्ला, आधी एक हंगाम पिकिंग अप करा, मग ट्रायल. खरं पीस, खरा वास, खरी झुडपं. डमी आणणारी कुत्री पहिल्यांदा गरम पक्षी पाहून चक्रावते.

शिट्टीबहाद्दर:
इथे मी पूर्ण विरोधात. दीड वर्षाची कुत्री शूटवर नेली की दिवसभरात पन्नास पक्षी पडताना बघते, बरेचसे स्वतः आणते, आणि पुढच्या आठवड्यात बार वाजताच उसळते. ट्रायलला न्यायची असेल तर पहिल्या हंगामात तिला फक्त बसवा. एखाददुसरा मेलेला पक्षी, तोही सगळं थांबल्यावर. पळणाऱ्या जखमी पक्ष्यामागे तर मुळीच नाही.

चिखलपाय:
तुमचे कुत्रे बघितलेत. देखणे बसतात. पण कुंपणापलीकडे पळालेला जखमी फेझंट शोधायची वेळ आली की शिट्टीची वाट बघत उभे. नाक वापरायला शिकणार कधी? पंच पहिलं काय बघतात, पक्षी शोधण्याची उपजत अक्कल. नियमावलीतही तेच लिहिलंय, नाक आणि शोध आधी, शांत हाताळणी वगैरे नंतर.

शिट्टीबहाद्दर:
नियमावलीत धावून गेला की बाद, हेही लिहिलंय. बाद झालेल्याचं नाक कोण बघतो?

मेघमल्हार:
दोघांचंही खरं, फक्त कुत्री वेगळी. थंड, विचारी कुत्री लवकर नेली तर तिला उभारी येते. तापट कुत्री उशिरा. शामा कशी आहे ते आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही. आणि चिखलपाय, थेट गरम पक्षी कशाला, आधी थंड पक्षी द्यायचा. पहिला पक्षी कबूतर शक्यतो नको, पिसं सुटून तोंडात चिकटतात, कुत्री थुंकत बसते. पाहिजे तर जुन्या मोज्यात घालून द्यावा.

आयवाइप:
माझं सभासदनाव ज्यावरून आलं तो किस्सा. नॉव्हिस ट्रायल, कोबीच्या शेतात तित्तर पडला. शेजारच्या गृहस्थांचा पिवळा लॅब, नामांकित बापाचा, गेला, फिरला, रिकामा आला. मग आमची बारकी काळी पाठवली. वाऱ्याच्या उलट बाजूने वळसा घातला, एका ओळीत नाक घातलं आणि पक्षी घेऊन आली. एकाला न सापडलेला पक्षी दुसऱ्याने आणला की यालाच आयवाइप, म्हणजे पहिल्याचा डोळा पुसणं, म्हणतात. तो पिवळा तिथेच संपला. गृहस्थ सभ्य, हात मिळवला. पुढच्याच फेरीत आमचीही आणखी कुणीतरी पुसली, तेव्हा मीही सभ्यपणे हात मिळवला.

साळसूद:
वारा कुठून येतोय ते बघूनच पाठवता का कुत्रा?

आयवाइप:
नेहमी. पडलेल्या जागेवर नेमका पाठवण्यापेक्षा वारा त्याच्या नाकावर येईल अशा बाजूला पाठवायचा. बाकी तो करतो. इथे नवीन हँडलर शिट्ट्या फुंकून फुंकून कुत्र्याचं डोकं नाकावरून उठवतात.

निमिष०७:
अवांतर. स्पॅनियल, पॉइंटर यांच्याही ट्रायल असतात ना? सगळे असेच बसून राहतात?

तांबडा_सेटर:
नाही. स्पॅनियल बंदुकीच्या टप्प्यात राहून नागमोडी पळत झुडपं पिंजतो, पक्षी उडवतो आणि उडाल्या क्षणी खाली बसतो. पॉइंटर आणि सेटर मोठ्या मैदानात जोडीने पळतात, वास आला की ताठ उभे राहतात. इथल्या ट्रायलमध्ये त्यांना पक्षी आणायचा नसतोच. जर्मन पॉइंटर, विझला वगैरे मंडळी शोधणं, दाखवणं आणि आणणं तिन्ही करतात. शिवाय पाण्याची परीक्षाही त्यांना द्यावी लागते. सगळ्यात जुनी शाखा आमची, पहिली नोंदलेली ट्रायल १८६५ मध्ये बेडफर्डशरमध्ये साउथहिल इथे झाली ती पॉइंटर-सेटरांची. ब्रिटनमधली कुत्र्यांची मुख्य संस्था, केनेल क्लब, तर नंतरची, १८७३ ची. (जाहिरात संपली.)

रानजाई:
इतके प्रतिसाद! चेंडूफेकीची काठी माळ्यावर गेली. गटवर्गाला नेलं परवा. शामा बसते छान, पण दुसऱ्यांचे कुत्रे डमी आणायला गेले की बारीक कण्हते. कूं कूं असं, फार मोठ्याने नाही. बाई म्हणाल्या, उत्साह आहे, जाईल. चिखलपाय यांच्या यादीत 'केकाटला की बाद' वाचून धसका घेतलाय. आणि बारचा आवाज तिने अजून ऐकलेलाच नाही.

मेघमल्हार:
जाईल असं गृहीत धरू नका. कण्हणं हा या खेळातला सगळ्यात चिवट दोष. काही वंशावळींत उपजत येतो, काहींत आपण वाढवतो. ती कण्हते आणि लगेच तिचा नंबर लागतो, म्हणजे कण्हण्याला बक्षीस. तिला काही महिने गटवर्गाच्या मागे, खूप लांब, शांत बसेल एवढ्या अंतरावर ठेवा. तिथून नुसतं बघायचं, आणायचं काहीच नाही. शांत राहिली की अंतर हळूहळू कमी. कण्हली की न बोलता मागे. तिची डमी आणण्याची कामं वेगळ्या वेळी, एकटीने.

भटकभवानी:
+१. आणि नंबर लागल्यावरही लगेच पाठवायचं नाही. श्वास शांत होईपर्यंत थांबा.

बारचं: पहिला आवाज खूप लांबून, मदतनिसाने, ती काहीतरी आवडीचं करत असताना. कान टवकारले आणि पुन्हा कामाला लागली, उत्तम. दचकली तर आणखी लांब. डोक्यावर बार काढून 'बघू घाबरते का' असं करणाऱ्यांपासून कुत्री लांब ठेवा. एकदा बसलेली भीती काढणं फार अवघड असतं. उड्या, कुंपणं, लांब पळणं हेही सांधे पक्के होईपर्यंत कमीच.

आजोबा_लॅब:
उशिराच्या प्रश्नावर एक जुनी गोष्ट. लेडी हाउ यांचा बँचरी बोलो. पहिल्या महायुद्धाच्या काळातला काळा लॅब. त्यांच्याकडे आला तेव्हा पिल्लू नव्हता. आधीच्या लोकांनी हाताबाहेर गेलेला म्हणून त्यावर फुली मारलेली. त्यांनी आधी महिनोन्‌महिने नुसता विश्वास कमावला. पुढे तो शो आणि फील्ड दोन्हींत चॅम्पियन झालेला पहिला लॅब्रॅडॉर ठरला. आता अशी दुहेरी कुत्री निघत नाहीत, शोवाले आणि कामवाले केव्हाच वेगळे झाले. पण दहा महिन्यांच्या कुत्रीला उशीर म्हणणाऱ्याला हे नाव सांगा.

शिट्टीबहाद्दर:
व्यवहाराचं राहिलं. ट्रायलला अर्ज केला म्हणजे जागा मिळाली असं नसतं. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून सोडत. त्यात क्लबच्या सभासदांना आधी धरतात. म्हणून एकाच्या जागी दोनतीन क्लबांचं सभासदत्व आत्ताच घ्या. काही ठिकाणी प्रतीक्षायादी आहे, शामा तयार होईपर्यंत तुमचं नाव वर सरकेल. या उन्हाळ्यात क्लबच्या वर्किंग टेस्टला डमी फेकायला मदतनीस म्हणून जा, कुत्रीशिवाय. पंचांच्या शेजारी उभं राहून इतरांचे गुण कुठे कापले जातात ते ऐकू येतं. पुढच्या उन्हाळ्यात नॉव्हिस टेस्ट. ट्रायलचं त्यानंतर बघू.

चिखलपाय:
आणि हिवाळ्यात एखाद्या छोट्या शूटवर या, तिला लांब बसवून. यावर तरी आमचं एकमत आहे.

शिट्टीबहाद्दर:
लांब बसवून. हो.

रानजाई:
ठरलं. दोन क्लबांना आजच लिहिलंय. डमी फेकायला नवरा येईल, हात तयार आहे त्याचा. एक शेवटचं, डमी किती वजनाची घेऊ?

भटकभवानी:
आत्ता अर्धा पौंड, वर्षाची झाली की हळूहळू एक पौंड. नेहमीची डमी तीच.

निमिष०७:
आणि झुडपामागे बैठक मारणाऱ्यासाठी?

मेघमल्हार:
दोरी. दहा मीटरची.